दीडशे बेसची सिस्टीम

'सिस्टीम' हा शब्द आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत तोंडातून काढण्याआधी माणसानं इकडंतिकडं बघावं. मी बघितलं नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय!

मी रावजी. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आधी बॉयलरला, मग कंट्रोल रूमला होतो, आता रिटायर. तिथं सिस्टीम म्हणजे ग्रिड, विजेचं जाळं. सिस्टीम गेली म्हटलं की साहेबांच्या हातातला चहा सांडायचा. कॉलनीत सिस्टीम म्हणजे डीजे, भीमजयंतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर चढवतात तो. त्याच्यापुढं उभं राहिलं की छातीतल्या बरगड्या आपापली जागा सोडतात. आणि आमच्या घरात सिस्टीम म्हणजे खेळ. लहान पोरांचा म्हणाल तर तेही नाही. एकतीस वर्षांच्या घोड्याचा.

हा घोडा म्हणजे आमचे चिरंजीव ललित. अंबडच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, पगार बरा आहे, दारू-तंबाखू नाही. लग्नाचं विचारलं की म्हणतो, आधी सैन्य रंगवून होऊ द्या. आता यावर बापानं काय बोलावं? परदेशातून डबे येतात. त्यात बोटाएवढ्या सैनिकांचे सुटे हातपाय असतात. हा ते चिकटवतो आणि केसाएवढ्या ब्रशनं त्यांच्या डोळ्यांतली बुबुळं रंगवतो. मग टेबलावर डोंगर, नदी, पडकी भिंत मांडायची, दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, टेपनं अंतर मोजायचं, मूठभर फासे फेकायचे आणि कोण मेलं ते ठरवायचं. याच्या पुण्या-मुंबईला स्पर्धा होतात, बंगळूरलाही होतात. आमच्या टीव्हीखाली त्याच्या ट्रॉफ्यांना जागा पुरत नाही, म्हणून लताबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, एका ट्रॉफीत चमचे ठेवलेत.

जिंकायची हाव म्हणाल तर विचारू नका. या पोरानं सख्ख्या आईला आजवर कॅरममध्ये एकदाही जिंकू दिलेलं नाही. आजारी होती तेव्हासुद्धा नाही. "मम्मी, जिंकू दिलं तर तो तुझा अपमान आहे," म्हणायचा. ती म्हणायची, "कर रे बाबा अपमान."

आता मी यात कसा अडकलो ते सांगतो. मी रिटायर झालो आणि लॉकडाऊन लागला. नोकरीही गेली, बाहेर जाणंही गेलं. मी घरात बसून लताबाईंना भाजीला फोडणी कशी द्यावी ते शिकवायला लागलो. तिसऱ्या दिवशी त्या ललितला म्हणाल्या, "या माणसाला घेऊन जा कुठंतरी, नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल." ललितचाही सराव बंद पडलेला. तो म्हणाला, "पप्पा, या. तुम्ही फक्त फासे टाका."

फासे टाकायला म्हणून गेलो तो पाच वर्षं तिथंच आहे. दर रविवारी. सकाळी विहारात वंदनेला जायचं, पंचशील घ्यायचं, प्राणिहत्या करणार नाही म्हणायचं, घरी येऊन पोहे खायचे आणि दुपारपर्यंत शे-दीडशे मुडदे पाडायचे. लताबाई म्हणतात, "सम्राट अशोकानं एका कलिंगानंतर तलवार खाली ठेवली. तुमचं दर रविवारी एक कलिंग."

खेळाचं नाव 'ड्रॅगनफील्ड'. ललितचे निळे घोडेस्वार, माझे हिरवे राक्षस. इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझ्या राक्षसांना कामावरची नावं दिली. मोठा ड्रॅगन म्हणजे चीफ इंजिनिअर. मागं बसून राहतो, आणि हललाच तर आपल्याच माणसांना तुडवतो. ढोल वाजवणारा तो युनियनचा अध्यक्ष. आणि सगळ्यांत पुढं भाला मोडलेला एक किडमिडा राक्षस असतो, तो पुंजा. खरा पुंजा बॉयलरला माझ्याबरोबर होता. कुठलंही काम निघालं की "मी जातो" म्हणायचा. हाही तसाच. सगळ्यांत आधी जातो आणि सगळ्यांत आधी मरतो.

पाच वर्षांत मी एकही डाव जिंकलेला नाही. एकही नाही! फाशांवर फुंकर मारून बघितली, डाव्या हातानं टाकून बघितले, टेबलाची दिशा बदलली. लताबाई म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणू दे. पण रविवार उजाडला की मला सोमवारपासूनचं सगळं विसरायला होतं. पोरगा समोर उभा असतो, मोबाईल बाजूला ठेवलेला असतो, आणि तो फक्त माझ्याकडं बघत असतो. मी काय चाल करणार याचा विचार करत असतो. त्याच्या लहानपणी मला तीन पाळ्यांच्या ड्युट्या होत्या. तो जागा असायचा तेव्हा मी झोपलेला, मी घरी यायचो तेव्हा तो शाळेत. आता मिळाला मला माझा पोरगा. हे मी त्याला बोललो नाही. असलं बोलायची आमच्यात पद्धत नाही.

आणि यंदा काय झालं, तर त्या कंपनीनं ड्रॅगनफील्ड बंद केलं. नवे सैनिक नाहीत, नव्या स्पर्धा नाहीत. ललित म्हणाला, "पप्पा, आता सिस्टीम बदलावी लागेल."

पुढचे तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाही. पोळीबरोबर सिस्टीम, भाताबरोबर सिस्टीम. पोरगी बघावी तसा तो एकेक सिस्टीम बघत होता, आणि मी प्रत्येकीत खोट काढत होतो.

एक होती 'स्टीलफ्रंट'. रणगाड्यांची. ललित म्हणाला, "नियम पक्के आहेत, पप्पा. पण खेळणारे सगळे इतिहासवाले. रणगाड्यावरच्या पट्ट्याचा रंग चुकला तर डाव सोडून भांडतात."

"मग नकोच," मी म्हणालो. "भांडणारी माणसं घरात आहेत तेवढी पुरे."

दुसरी होती 'गल्लीवॉर'. नाव भलतंच इंग्रजी होतं, पण अर्थ तोच. दोन्हीकडं सात-सात माणसं, छोटा पाट पुरतो, तासाभरात डाव संपतो. स्वस्त आणि मस्त, ललित म्हणाला.

"तासाभरात?" मला घामच फुटला. "मग उरलेला रविवार काय करायचं?"

तिसरी 'गॅलेक्टा'. ही सगळ्यांत मोठी. सगळी दुनिया ही खेळते म्हणे. पुण्याचा रोहित, ललितचा खेळातला जोडीदार, दिवसाआड फोन करून हिच्याच मागं लागलेला. ललितच्या बोलण्यावरून मला कळलं, घोडं कुठं पेंड खातंय. गॅलेक्टाच्या स्पर्धा मोठ्या, सरावाला तगडी माणसं लागतात, आणि ती पुण्यात. म्हणजे रविवार पुण्याला.

"काय असतं त्यात?" मी विचारलं.

"अंतराळातलं युद्ध. ज्वाळा फेकणाऱ्या बंदुका, जळणारी जहाजं."

"अंतराळात ऑक्सिजन असतो का?"

"नसतो."

"मग आग कशी पेटते? मी जन्मभर बॉयलर पेटवलेत, मला शिकवू नको. हवा नाही तर ज्वाळा नाही. बोगस सिस्टीम आहे."

ललित हसला आणि भात कालवायला लागला. मला विचारायचं होतं एकच, की बाबा रे, या नव्या सिस्टीममध्ये माझी जागा कुठं? पण तेवढं सोडून बाकीचं सगळं मी बोललो.

मार्चमधल्या एका शनिवारी जेवताना त्यानं जाहीर केलं, "ठरलं. गॅलेक्टा. ड्रॅगनफील्डची दोन्ही सैन्यं काढून टाकतो. ठेवायला जागा नाही."

दोन्ही! म्हणजे माझे हिरवेसुद्धा. चीफ इंजिनिअर, युनियनचा अध्यक्ष, पुंजा, सगळे. मी पानावरून उठलो. लताबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, मीठ जास्त झालंय. त्यावरून आणखी एक भांडण झालं.

रविवारी विहारात वंदना झाली आणि चपला घालताना मंडळाचा रवी भेटला. जयंती समितीचा खजिनदार. पोरगा चांगला, पण कान तिखट आणि तोंड त्याहून. म्हणाला, "काका, चेहरा का उतरलाय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ललित सिस्टीम विकतोय रे."

बाकी काय बोललो ते मला आठवत नाही. निदान तेव्हा तरी मी असंच धरून चाललो होतो.

घरी येऊन पोहे संपवतोय तोवर दारात टेम्पो थांबला. रवी आणि त्याच्या मागं चार दांडगी पोरं, दोघांच्या खांद्यावर दोरखंड. "जय भीम, ललितदादा!" रवी चप्पल काढत म्हणाला. "यंदा आपल्या सिस्टीमवाल्यानं ऐनवेळी टांग दिली. आणि तुम्ही घरातल्या घरात सिस्टीम ठेवून बसलात, बोललात पण नाही!"

ललितचे डोळे चमकले. कालपासून तो गिऱ्हाईक शोधत होता, आणि नाशिकरोडमध्ये या खेळाचं नाव माहीत असलेला माणूस त्याला कधी भेटला नव्हता. "तुला यात इंटरेस्ट आहे, रवी?"

"म्हणजे काय! अख्ख्या कॉलनीला आहे."

ललितनं खुर्ची पुढं केली. रवी बसला आणि धंद्याचं बोलायला लागला. "बेस किती आहेत?"

"बेस?" आता प्रत्येक सैनिक ज्या गोल चकतीवर उभा असतो तिला यांच्यात बेस म्हणतात. ललितनं मनात हिशोब केला. "दोन्ही मिळून दीडशे असतील."

रवीनं खुर्चीचा हात धरला. "दीडशे बेस?"

"जास्तच असतील."

"दादा, मालेगावच्या डीजेवाल्याकडं सोळा आहेत तर तो अंगणवाडीसमोरून जाताना काचा फुटतात."

हे ललितला कळलं नाही, पण पोरगा विक्रीच्या भरात होता. "सगळ्या बेसला मॅग्नेट बसवलेत."

"ओरिजिनल?"

"मी स्वतः बसवले. हातानं."

मागची चार पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला तोपर्यंत सगळा घोळ उमगला होता. डीजेत दणक्याच्या खालच्या स्पीकरला बेस म्हणतात, वरच्याला टॉप, आणि मॅग्नेट दोन्हींत असतो. माझ्या पोटात हसू उसळत होतं, पण मी मूग गिळून बसलो. होऊ दे घोळ. घोळ झाला की सौदा मोडेल, सौदा मोडला की पुंजा घरात राहील. उलट मी तेल ओतलं. "मोठ्या ड्रॅगनचा बेस दाखव ना त्याला," मी म्हणालो.

"त्यात ड्रॅगन पण आहे?" रवीचा आवाज चिरकला. "आणि टॉप किती?"

"टॉप?" ललित म्हणाला. "टॉपला म्हणशील तर मी राज्यात दुसरा होतो."

"मानलं!" रवीनं हात जोडले. "पण दादा, एवढी सिस्टीम ठेवलीय कुठं? आवाज कसा नाही आला कधी?"

"आवाज कशाला येईल? दोन बॅगांत आहे. पलंगाखाली."

रवीनं बोटांवर मोजलं. दीडशे बेस, पलंगाखाली, दोन बॅगांत. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. ललितनं बॅगा आणून चेन उघडली, आणि फोमच्या खाचांतून माझे हिरवे राक्षस ओळीनं बाहेर बघायला लागले.

दोरखंडवाला पोरगा म्हणाला, "रवीभाऊ, हे तं बाहुल्या हायेत."

मग जे हसणं सुरू झालं! पोरं भिंतीला टेकून हसली, लताबाई स्वयंपाकघरातून पदर तोंडाला लावून आल्या. ललित लाल झाला, पण शेवटी तोही हसला. मीही हसलो. सौदा मोडला होता, मला हसायला काय जातं?

आणि तेवढ्यात रवी डोळे पुसत म्हणाला, "काका, मग सकाळी तुम्ही ते का म्हणालात? मला वाटलं ललितदादा तुम्हाला रविवारी गाणी लावून देतो. म्हणालात ना, 'सिस्टीम गेली की माझा रविवार गेला. पोरगा मला म्हातारपणी मिळाला होता, तोही चालला.' डोळ्यांत पाणी होतं तुमच्या."

लताबाईंचा पदर तोंडावरून खाली आला.

"पाणी?" मी ओरडलो. "उदबत्तीचा धूर होता! तुझे कान आहेत का भोंगे?"

ललित माझ्याकडं बघत होता. "पप्पा, तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणाले असतील," लताबाई म्हणाल्या. "काल मिठावरून भांडले तेव्हाच मला कळलं. मीठ बरोबर होतं." त्यांनी टेबलावरचे कपडे उचलले. "बोलायचं तुम्हा दोघांना जमत नाही, तर खेळा. एकच डाव. हे जिंकले तर बॅगा राहतील. हरले तर जातील, आणि कुणी तोंड पाडून बसायचं नाही."

पाच वर्षांत एकदाही न जिंकलेल्या माणसाला ही अट! पण मी हो म्हणालो. रवी आणि चार पोरं टेम्पो विसरून टेबलाभोवती उभी राहिली.

मी तसा कधीच खेळलो नव्हतो. प्रत्येक फाशाआधी थांबलो, टेप दोनदा लावली. पुंजाला पहिल्यांदाच भिंतीमागं ठेवलं. फासेही बरे पडत होते. अध्यक्षानं ढोल वाजवला, निळे दोन गट पळाले, पोरांनी शिट्ट्या मारल्या. रवी म्हणाला, "काका, जिंकताय तुम्ही!"

आणि मग ललितनं आपले सगळ्यांत तगडे घोडेस्वार पुढं घेतले आणि माझ्या चीफ इंजिनिअरसमोर आडवे उभे केले. बाजू उघडी टाकून. एक झडप घातली की डाव खलास. जन्मभराचा पहिला विजय माझ्यापासून हातभर लांब होता.

मी हात पुढं केला आणि थांबलो. पाच वर्षं या पोराच्या चाली मी बघतोय. मला खेळता येत नाही, पण हा कसा खेळतो ते मला पाठ आहे. हा घोडा कधीही बाजू उघडी टाकत नाही.

"हे इथं का ठेवलंस?" मी विचारलं.

"चुकून," तो म्हणाला. त्यानं वर बघितलं नाही.

"चुकून? आजारी आईला कॅरमची क्वीन दिली नाहीस तू, आणि आज चुकलास?"

"पप्पा, चाल करा ना."

"उचल!" माझा आवाज असा चढला की रवी मागं सरकला. "उचल ते घोडे. मला भीक नको. पाच वर्षं हरलो ते खरं हरलो, त्याची मला लाज नाही. नीट ठेव आणि नीट खेळ."

ललितनं घोडे उचलले. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते सांगत नाही, नाहीतर तोही धूर म्हणेल. त्यानं घोडे नीट ठेवले, नीट खेळला, आणि तासाभरात मला धुऊन काढलं. चीफ इंजिनिअर पडला, अध्यक्ष ढोलासकट पडला. पुंजा मात्र शेवटपर्यंत भिंतीमागं उभा होता. सगळे गेल्यावर मीच त्याला पुढं नेलं आणि तोही गेला.

टेबलभर माझे हिरवे आडवे पडले होते. रवीनं टेबलाला एक चक्कर मारली. मग म्हणाला, "काका, हे तर कलिंग आहे!"

"म्हणजे?"

"यंदा चित्ररथावर देखावा कलिंगाचाच ठरलाय. सम्राट अशोक उभे, पुढं रणांगण. रणांगण कुठून आणायचं तेच कळत नव्हतं. हे जसंच्या तसं द्या ना."

"पण हे हिरवे आहेत रे," ललित म्हणाला.

"मेलेत ना, म्हणून हिरवे," रवी म्हणाला.

ललितनं दोन्ही बॅगा तशाच देऊन टाकल्या, एक पैसा घेतला नाही. दोरखंड घेऊन आलेल्या पोरांनी त्या दोन बोटांवर धरून टेम्पोत नेल्या. पुंजा तेवढा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. कलिंगात एक माणूस कमी पडला तर इतिहास बदलत नाही.

टेबल रिकामं झालं. आता मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "ललित, त्या नव्या सिस्टीममध्ये मला घेशील का?"

"पप्पा, तुम्ही लय वाईट खेळता."

"माहितीय."

"चिडता. नियम एकदाही वाचला नाहीत. पाच वर्षांत एकदाही नाही."

"तेही माहितीय. पण मला तुझ्याशी खेळायचंय. अंतराळात तर अंतराळात. हवा नसताना आग पेटते, मान्य केलं मी."

तो आत गेला आणि विटेएवढं जाड पुस्तक घेऊन आला. गॅलेक्टाचे नियम. "महिन्यातले दोन रविवार पुणे, बाकीचे घरी," तो म्हणाला. "पण या वेळी वाचून यायचं. मी समजावणार नाही."

तेव्हापासून दुपारी चष्मा लावून बसतोय. इंग्रजी अवघड आहे, अक्षर बारीक आहे आणि लताबाई येताजाता "परीक्षा कधी?" म्हणून विचारतात. अजून पहिल्या पानावरच आहे. तिथं सगळ्यांत वर लिहिलंय, खेळायला दोन माणसं लागतात. तेवढा नियम माझा पाठ झालाय.